मला चित्र येत नाही, असं मूल म्हणतं तेव्हा

पालकहो,

तिसरीपर्यंत भिंती, कॅलेंडरच्या पाठी, वाण्याची बिलं, काही म्हणजे काही कोरं न सोडणारं मूल पाचवी-सहावीत आलं की एक दिवस पेन्सिल खाली ठेवतं आणि म्हणतं, "मला चित्र येत नाही." बहुतेक घरांत हे कुणी मनावर घेत नाही. गणित येत नाही म्हटलं असतं तर आपण त्याच संध्याकाळी शिकवणी शोधायला निघालो असतो. चित्राच्या बाबतीत मात्र "जाऊ दे, नसते एकेकाच्या हातात कला" एवढ्यावर विषय मिटतो. मी शाळेत चित्रकला शिकवते. हे वाक्य इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याबद्दल तुमच्याशी एकदा सविस्तर बोलावं असं फार दिवस मनात होतं.

या वाक्याने खचू नका. लहान मूल डोळ्यांसमोरचं काढत नाही, त्याला जे ठाऊक असतं ते काढतं. मोठं डोकं आणि त्या डोक्यालाच फुटलेले हातपाय. वरच्या कडेला आकाशाची निळी पट्टी, खालच्या कडेला जमीन, मधे सगळं रिकामं. घराच्या भिंतीतून आत बसलेली आजी दिसते आणि आईपेक्षा तिच्या हातातला डबा मोठा असतो. यात आपलं काही चुकलंय असं त्याला वाटत नाही, आणि चुकलेलं नसतंच. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे सांगणारं पुस्तक १९४७ साली प्रसिद्ध केलं. त्यात साधारण ९ ते १२ वर्षांचा टप्पा वेगळा काढलेला आहे. वस्तू खरी कशी दिसते याची जाण या वयात यायला लागते. अंगणातली सायकल आणि आपण काढलेली सायकल यांतला फरक मुलाला स्वतःलाच कळतो, कुणी सांगावा लागत नाही. डोळा पुढे गेलेला असतो, हात मागे राहिलेला असतो. म्हणजे 'येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला पूर्वीपेक्षा जास्त दिसायला लागलेलं आहे. आता फक्त हाताला डोळ्यापर्यंत आणायचं, आणि ते सरावाने होतं. नेमक्या याच वळणावर आपण मुलाला एकटं सोडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"मुळात देणगी लागते हो" असं म्हणणाऱ्या पालकांना मी व्हिन्सेंट व्हॅन गॉगबद्दल सांगते. चित्रकार व्हायचं त्याने ठरवलं ते १८८० साली, वयाच्या २७ व्या वर्षी. त्याआधी चित्रविक्रीच्या पेढीत नोकरी, शाळेत शिकवणं, धर्मप्रचार असं बरंच करून झालं होतं. मग तो पहिल्या यत्तेपासून शिकायला बसला. शार्ल बार्ग यांच्या चित्रपाठांचे छापील तक्ते मागवून घेतले आणि समोर ठेवून कोळशाने उतरवत राहिला. सगळे तक्ते झाले की परत पहिल्यापासून. १८८२ मध्ये हेग शहरात असताना त्याने दोऱ्या ताणलेली एक चौकट करवून घेतली. तिच्यातून पाहिलं की जवळच्या-लांबच्या वस्तूंचं प्रमाण कागदावर बरोबर धरता येई. त्याची सुरुवातीची माणसं पाहिलीत तर अवघडलेली, ताठ वाटतील. आपण कौतुकाने पाहतो ती सूर्यफुलं १८८८ ची आहेत. मधली वर्षं सरावात गेली.

साहित्यावर फार खर्च करू नका. दप्तरातली एचबी पेन्सिल लिहायला ठीक, चित्राला कडक पडते. २बी आणि ४बी अशा दोन घ्या. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती यांचं भाजलेलं मिश्रण. ही रीत निकोला-जॅक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ साली काढली. माती जास्त असेल तर पेन्सिल कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळी. मुलाला हे सांगा आणि दोन्ही पेन्सिली शेजारी शेजारी गिरगटू द्या. कागद पाठकोरे चालतात, ऑफिसातले, झेरॉक्सच्या दुकानातले. महागडी स्केचबुक पहिल्याच दिवशी हातात देऊ नका. त्या जाड पांढऱ्या पानाचं दडपण येतं आणि पहिलं पान चांगलंच यायला हवं म्हणून मूल अडून बसतं. खोडरबर सुरुवातीचे काही आठवडे कपाटात राहू दे. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारी दुसरी काढायची. पहिली दिसते म्हणूनच दुसरी कुठे हवी ते कळतं.

लिहिताना आपण पेन्सिल टोकाजवळ धरतो आणि अक्षर बोटांतून निघतं. चित्र काढताना पेन्सिल जरा मागे धरायची, मनगट सैल सोडायचं आणि लांब रेघ खांद्यातून येऊ द्यायची. कागदावर दोन ठिपके द्या, ते पट्टीशिवाय जोडायला सांगा. आडवे, उभे, तिरपे. रेघ ओढताना नजर पेन्सिलच्या टोकावर न ठेवता जिथे पोचायचं त्या ठिपक्यावर ठेवायची, एवढं एकच पथ्य. आपल्याकडे हा सराव रोज सकाळी दारात होत आला आहे. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात एकदा नीट पाहा. चिमटीतून भुकटी सुटत असते आणि डोळे पुढच्या ठिपक्यावर असतात. घरात अजून रांगोळी घातली जात असेल तर ती मुलाकडे सोपवा, मुलगा असो की मुलगी. रोजच्या दहा ओळी रेघोट्यांपेक्षा त्याने हात लवकर सुटतो. मग गोल काढू द्या. पेन्सिल कागदाला न टेकवता हवेत दोन-तीनदा फिरवायची आणि फिरता फिरता खाली टेकवायची. वाकडेतिकडे गोल येतील, पान भरेल, दुसरं पान घ्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, आणि त्यासाठी स्वयंपाकघरातला स्टीलचा सरळ पेला लागेल.

पेला टेबलावर ठेवून मुलाला काढायला सांगा. दहापैकी नऊ मुलं वरचं तोंड वाटोळं काढतात, दोन्ही बाजूंना दोन रेघा खाली आणतात आणि बुडाशी सरळ आडवी रेघ मारून मोकळी होतात. बुड सरळ का? कारण पेला टेबलावर सपाट बसतो हे त्यांना माहीत असतं. वरचं तोंड डोळ्यांनी काढलेलं असतं आणि बुड माहितीवरून. इथे मुलाला "चुकलं" म्हणू नका, दुरुस्तही करू नका. पेला उचला आणि त्याच्या डोळ्यांसमोर बरोबर पातळीत धरा. आता त्याचं तोंड कसं दिसतं? सरळ रेघ दिसते. गोलपणा कुठेच नाही. हळूहळू पेला खाली आणा. रेघ उघडायला लागते, चपटं लंबवर्तुळ होतं, आणखी खाली नेला की ते फुगत जातं. पेला जमिनीवर ठेवून मुलाला वरून वाकून बघू द्या, तेव्हा कुठे पूर्ण वर्तुळ दिसेल. पेला तोच, त्याचं तोंड तसंच गोल, पण दिसणं प्रत्येक वेळी वेगळं.

मग पेला परत टेबलावर ठेवा आणि त्याला दोन-तीन रबरबँड चढवा, एक वर, एक मधे, एक बुडाजवळ, सगळे आडवे सरळ. मुलाला खुर्चीत बसवून विचारा, कुठला रबरबँड जास्त वाकलेला दिसतो? उत्तर यायला वेळ लागेल, लागू द्या. वरचा कमी वाकलेला दिसतो, खालचा जास्त, कारण तो डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली आहे. बुड तर सगळ्यांत खाली, म्हणजे त्याची कड तोंडापेक्षाही जास्त गोलसर हवी. आणि आपल्या मुलाने तिथे सरळ रेघ मारली होती. ते स्वतःचं चित्र उचलून पाहील. तुम्ही त्या वेळी काहीच बोलू नका. मी वर्गात या क्षणी गप्प राहते. मुलं एकदम पुढे वाकतात, कुणी एक डोळा मिटून पाहतं, कुणी मान खाली-वर करून खात्री करून घेतं. इतका वेळ पेला रोज हातात होता आणि आता पहिल्यांदा दिसला, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटतं.

बुडाचं लंबवर्तुळ पुरतं समजायला काचेचा ग्लास घ्या, मागची कडही दिसते. दोन खोडी तरीही राहतात. लंबवर्तुळाच्या डाव्या-उजव्या टोकांना मुलं टोकदार कोपरे करतात. तिथे वळण कितीही घट्ट असलं तरी वळणच असतं, हे नाणं तिरकं धरून दाखवता येतं. दुसरी खोड म्हणजे पेला एका बाजूला कलतो. त्यासाठी आधी मधोमध एक हलकी उभी रेघ काढून तिच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या, आणि झालं की कागद उलटा फिरवून पाहायचा. सुलट्या कागदावर न दिसलेला कल उलट्यावर लगेच दिसतो.

एवढं एक लंबवर्तुळ हाताला बसलं की बादली, कुंडी, कढई, डबा, विहिरीचा काठ, बैलगाडीचं चाक, सगळ्यांना हात घालता येतो. म्हणून पहिला महिना निव्वळ भांड्यांत गेला तरी हरकत नाही.

प्रमाणासाठी चित्रकाराची जुनी युक्ती आहे. हात पूर्ण लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिल उभी धरून तिच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत तांब्याची रुंदी मोजायची. मग तेवढंच माप उंचीत किती वेळा बसतं ते पाहायचं. कोपर ताठ हवं. ते वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलतं, मग सगळाच हिशेब चुकतो. तांब्या आपल्याला उंच वाटत असतो आणि मोजल्यावर बराच बसका निघतो. या मोजण्याची मुलांना भारी गोडी लागते, ती घरभर मोजत सुटतात.

आणखी एक सराव आवर्जून सांगते. किमॉन निकोलायडीस या अमेरिकेतल्या चित्रशिक्षकाची शिकवण्याची पद्धत त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ साली पुस्तकरूपाने आली. त्यातला हा पाठ. कागदाकडे न पाहता वस्तूच्या कडेवरून नजर अगदी सावकाश सरकवायची आणि पेन्सिल त्याच गतीने कागदावर चालवायची. पेन्सिल कागदावर नसून वस्तूच्या कडेलाच टेकलेली आहे असं समजायचं. दारातली चप्पल घ्या. अंगठा कुठे शिवला आहे, पट्टा कुठे तळाखाली गेला, टाच कुठे झिजली. कागदावर जे येईल ते चपलेसारखं दिसणार नाही, दोन टोकं कुठच्या कुठे गेलेली असतील. चालेल. या पाठात चित्र मिळवायचं नसतं, पाहण्याचा वेग कमी करायचा असतो. तुम्हीही शेजारी बसून काढा. आईचा किंवा बाबांचा कागदही तसाच वेडावाकडा येतो हे मुलाला दिसलं की त्याच्या मनावरचा अर्धा ताण उतरतो.

छायाप्रकाशाची घाई नको. पुढे कधीतरी संध्याकाळी खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकाच दिव्याखाली उकडलेलं अंडं किंवा लिंबू ठेवा आणि सर्वांत गडद जागा कुठे आहे ते शोधायला सांगा. ती अगदी कडेला नसते, कडेच्या जरा आत असते, कारण टेबलावरून उडालेला उजेड खालच्या कडेवर पडतो. एवढं दिसलं तरी पुष्कळ झालं.

आपल्या राज्यातल्या कुठल्याही शाळेत जाऊन "निसर्गचित्र काढा" म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, त्यातून वाहत येणारी नदी, काठावर झोपडी, नारळाचं झाड आणि आभाळात आडव्या पडलेल्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी. ज्याच्या गावात नारळाचं एक झाड नाही ते मूलही हेच काढतं. ते कुठून शिकलं? वरच्या वर्गातल्या मुलांकडून, ताईच्या वहीतून, आणि कधी कधी आमच्याकडूनही, म्हणजे शिक्षकांकडून. या चित्रात वाईट काही नाही. पण ते काढताना डोळ्यांना कामच लागत नाही. आर. के. लक्ष्मण लहानपणी काय काढत याबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. खोलीच्या खिडकीतून जे दिसेल ते: वाळलेल्या काटक्या, पानं, सरपटणारे जीव, लाकडं फोडणारा गडी आणि समोरच्या छपरांवरचे कावळे. कावळे तर त्यांनी आयुष्यभर काढले. तुमच्या खिडकीतून काय दिसतं? पाण्याची टाकी, डिशची छत्री, वाळत घातलेली चादर, रस्त्यापलीकडची भाजीची गाडी. निसर्गचित्र म्हणून हेच काढू द्या. नारळाचं झाड खिडकीतून दिसत असेल तर ते अवश्य काढावं, पण त्याच्याकडे बघून.

"मग नक्कल मुळीच करू द्यायची नाही का?" असं पालक विचारतात. करू द्या की. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याला राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. पुढे नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. लेण्यातल्या अपुऱ्या उजेडात, शेकडो वर्षांपूर्वीच्या हाताची रेघ कुठे जाड होते, कुठे सुटते, हे शोधत नक्कल करणं हा मोठाच अभ्यास आहे. व्हॅन गॉगनेही नकलाच केल्या. नक्कल करताना मूल मूळ चित्राकडे पुन्हा पुन्हा पाहत असेल, मोजत असेल, तर ते शिकतंय. कागद वर ठेवून गिरवत असेल, किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत 'आता इथे गोल, आता इथे रेघ' असं करत असेल, तर चित्र छान येतं आणि दुसऱ्या दिवशी तेच आपल्या मनाने काढता येत नाही. फोटोवरून काढण्याबद्दलही माझं हेच मत आहे. सुरुवातीला तरी फोटो नको. जगाला सपाट करायचं जे काम मुलाच्या डोळ्याने करायला हवं, ते कॅमेऱ्याने आधीच करून टाकलेलं असतं.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि टीव्ही बंद. कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालायला लावा आणि एकही कागद फेकू नका, फसलेले तर मुळीच नाही. दिवाळीत सुरुवात केली असेल तर होळीला पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवा. तुमच्या शाबासकीपेक्षा मुलाचा विश्वास त्या दोन कागदांवर जास्त बसेल.

शाबासकीबद्दल थोडं मोकळेपणाने बोलते, राग मानू नका. मोबाइलवरून नजर न उचलता म्हटलेलं "वा, छान!" मुलाला ओळखू येतं. दहा वर्षांच्या मुलाला आपलं चित्र फसलंय हे दिसत असताना आपण छान म्हटलं, तर त्याचा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास जातो. "हे काय काढलंयस?" हा प्रश्न तर घरातून हद्दपारच करा. त्याऐवजी चित्रातलं काहीतरी पाहा आणि त्याबद्दल बोला. "हा कान तांब्याला नेमका कुठे चिकटलाय रे?" "उजेड कुठल्या बाजूने येत होता?" "इथे तू रेघ दोनदा काढलीस, दुसरी बरोबर बसलीये." मुख्य म्हणजे त्याच्या कागदावर आपला हात चालवू नका. "दे इकडे, मी नीट करून देतो" असं म्हणून बाबांनी मारलेली एक सरळ रेघ मुलाच्या सगळ्या चित्राला परकं करते. दाखवायचंच असेल तर वेगळा कागद घ्या.

शाळेत आठवी-नववीच्या सुमारास शासकीय रेखाकला परीक्षांचा विषय निघतो, एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. त्यांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक उत्साहाने मुलांना बसवतात. परीक्षा मला आवडतात. एलिमेंटरीतलं वस्तुचित्र म्हणजे वर सांगितलेला पेल्याचा आणि तांब्याचाच अभ्यास आहे. स्मरणचित्र म्हणजे आयुष्यात पाहिलेलं आठवून काढणं, केवढी सुंदर कल्पना! पण कित्येक ठिकाणी तीन-चार चित्रं पाठ करून घेतात. आठवडी बाजार, नळावरची गर्दी, सणाची मिरवणूक. कुठली बाई कुठे उभी, टोपली कोणाच्या डोक्यावर, सगळं ठरलेलं. श्रेणी मिळतेही. पण असा पाठ केलेला बाजार काढणाऱ्या मुलाला त्याच्याच गावचा बाजार कधी काढावासा वाटत नाही, आणि हे नुकसान कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. परीक्षेआधीच्या महिन्यांत मुलाला खरोखर बाजारात घेऊन जा. भाजीवाली तराजू कशी धरते, पिशवी घेतलेल्या माणसाचा कुठला खांदा खाली जातो, हे बघू द्या, आणि घरी आल्यावर लगेच आठवेल तेवढं काढू द्या.

राहिला क्लासचा प्रश्न. लावायचा झाला तर फीबद्दल विचारण्याआधी थोडा वेळ मागे बसून पाहू द्याल का, असं विचारा. भिंतीवर टांगलेली बक्षिसं पाहू नका, मुलांच्या समोर काय मांडलं आहे ते पाहा. एखादा तांब्या, दोन कांदे, चुरगळलेलं फडकं असं काही खरं मांडलेलं आहे का? मग मुलांचे कागद पाहा. खिडकीजवळच्या मुलीच्या कागदावर तांब्याचा कान उजवीकडे, समोरच्या मुलाच्या कागदावर डावीकडे, आणि मधे बसलेल्याच्या कागदावर कान दिसतच नसेल, तर तिथे प्रत्येक जण आपापल्या जागेवरून पाहतो आहे. तिथे खुशाल नाव घाला, सरांचा हात कितीही साधा असला तरी. सगळ्यांच्या कागदावर कान एकाच बाजूला असेल तर नमस्कार करून परत या, आणि घरातला सराव चालू ठेवा.